थ्रीजीच्या तीन मानकांत गुंतवणूकदारांचा पैसा कुठे गेला?

नाशिकच्या एका एकोणतीस वर्षांच्या वाचकाचा प्रश्न आहे. जिओने फायव्हजी ‘एसए’ (स्वतंत्र, संपूर्ण नवे जाळे) पद्धतीने उभारले, एअरटेलने सुरुवात ‘एनएसए’ने (फोरजीच्या आधाराने) केली, आणि दोघेही आपलीच वाट बरोबर असल्याचे सांगतात. थ्रीजीच्या काळात तीन मानकांची अशीच झुंज झाली होती. तेव्हा पैसे लावणाऱ्यांचे काय झाले, आणि तंत्रज्ञान पाहून दूरसंचार कंपनीचा शेअर निवडता येतो का, असे त्यांनी विचारले आहे. साठवलेले दोन लाख रुपये त्यांना या क्षेत्रात घालायचे आहेत.

आधी थेट उत्तर देतो. थ्रीजीच्या काळात निव्वळ तंत्रज्ञान पाहून शेअर घेणाऱ्यांपैकी पुष्कळ जण बुडाले, आणि ज्यांचा तंत्रज्ञानाचा अंदाज अगदी अचूक ठरला तेही त्यांत होते. असे का झाले हे समजून घेतल्याशिवाय एसए-एनएसएच्या वादाला हात घालू नका. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रेडिओ नेटवर्क प्लॅनिंगमध्ये पंचवीसहून अधिक वर्षे काढली. जीएसएम आणि सीडीएमए (टूजीच्या दोन प्रतिस्पर्धी पद्धती), थ्रीजी, फोरजी, सगळ्यांच्या टॉवर-साइट उभ्या केल्या. खंडाळ्याच्या घाटात गाडीत लॅपटॉप उघडून सिग्नल मोजत रात्री जागवल्या. सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार मी नाही. शेअरबाजारात स्वतःचे पैसे घालतो, आणि दूरसंचारात ते गमावलेही आहेत. २००७ साली एका कंपनीचे शेअर मी चढ्या भावाने घेतले, कारण तिचे नेटवर्क मी आतून पाहिले होते आणि ते खरोखर उत्तम होते. नेटवर्क उत्तमच राहिले. शेअरचे दहा रुपयांतले नऊ गेले. त्या काळात मी कंपनीचा ताळेबंद एकदाही उघडला नव्हता.

आता झुंज कशाची होती ते पाहू. १९९८च्या जानेवारीत युरोपच्या मानक संस्थेने, ईटीएसआयने, डब्ल्यूसीडीएमए निवडले. एरिक्सन, नोकिया आणि जपानची एनटीटी डोकोमो त्यामागे उभ्या होत्या. अमेरिकेत सॅन दिएगोच्या क्वालकॉमने आपल्या जुन्या सीडीएमएवर सीडीएमए२००० बांधले होते. तिसरे चीनचे टीडी-एससीडीएमए, दातांग आणि सीमेन्स यांनी मिळून घडवलेले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाला जगासाठी एकच मानक हवे होते. ते जमले नाही, आणि २००० साली ‘आयएमटी-२०००’ या एका नावाखाली पाच रेडिओ पद्धतींना मान्यता देऊन संघाने विषय मिटवला.

तिन्हींच्या पोटात तत्त्व एकच आहे. सगळे ग्राहक एकाच वेळी, एकाच वारंवारितेवर बोलतात, आणि प्रत्येकाचा आवाज त्याला दिलेल्या संकेतावरून वेगळा काढला जातो. फरक मापांचा होता. डब्ल्यूसीडीएमएचा एक कॅरिअर, म्हणजे लहरींचा एक पट्टा, ५ मेगाहर्ट्झ रुंद, सीडीएमए२०००चा १.२५ मेगाहर्ट्झ. हा फरक इंजिनिअरला किरकोळ वाटतो, पण पैशाची सगळी गोष्ट त्यातच आहे. १.२५ मेगाहर्ट्झ म्हणजे जुन्याच सीडीएमएची रुंदी. ज्याचे नेटवर्क आधीपासून सीडीएमएचे होते त्याने बेस स्टेशनमधली कार्डे आणि सॉफ्टवेअर बदलले, त्याच स्पेक्ट्रमवर (वापरायला मिळालेल्या लहरींवर) थ्रीजी सुरू झाले. जीएसएमवाल्याला मात्र ५ मेगाहर्ट्झचे पट्टे लागत होते, ते नव्या स्पेक्ट्रममध्ये होते, नवे स्पेक्ट्रम सरकारकडे होते, आणि सरकारने लिलाव मांडला. शिवाय रेडिओची सगळी सामग्री नवी. म्हणजे एका मानकाची वाट दुरुस्तीची होती आणि दुसऱ्याची कर्जाची.

आज निकाल सगळ्यांना माहीत आहे: डब्ल्यूसीडीएमए जगभर पसरले आणि सीडीएमए२०००ची शाखा पुढे वाढलीच नाही. २००७च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या व्हेरायझनने चौथ्या पिढीसाठी एलटीई निवडल्याचे जाहीर केले, आणि वर्षभरात क्वालकॉमने आपल्या यूएमबी या पर्यायावरचे काम थांबवले. समजा, १९९९ साली हा निकाल कुणी तुमच्या कानात सांगितला असता आणि तुम्ही युरोपातल्या डब्ल्यूसीडीएमए कंपन्यांचे शेअर घेतले असते, तर काय झाले असते?

ब्रिटनचा थ्रीजी लिलाव ६ मार्च २००० रोजी सुरू झाला. चार दिवसांनी, १० मार्चला, अमेरिकेच्या नॅस्डॅकने तेजीचे शिखर गाठले. त्या हवेत तेरा जण बोली लावत होते. दीडशे फेऱ्यांनंतर २७ एप्रिलला पाच परवाने २२.४७ अब्ज पौंडांना गेले. मग ऑगस्टमध्ये जर्मनी. तिथले नियम असे होते की एका कंपनीला दोन किंवा तीन पट्टे घेता येत. सातवा स्पर्धक डेबिटेल बाहेर पडला तेव्हा उरलेल्या सहांनी दोन-दोन पट्टे वाटून घेऊन थांबायला हरकत नव्हती. पण मोठ्या कंपन्यांना आणखी एकाला बाहेर काढायचे होते, म्हणून त्या बोली वाढवत राहिल्या. कुणीच बाहेर पडले नाही. शेवटी सहांना दोन-दोन पट्टेच मिळाले, फक्त किंमत कितीतरी वर जाऊन सुमारे ५०.८ अब्ज युरोवर थांबली. मला या सगळ्या इतिहासातली सर्वात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. अब्जावधी युरो गेले आणि त्या बदल्यात एक मेगाहर्ट्झही जास्त मिळाला नाही.

त्या सहांतल्या दोघांनी जर्मनीत स्वतःचे थ्रीजी नेटवर्क कधी चालू केलेच नाही. मोबिलकॉमने २००३ मध्ये परवाना परत केला. पैसे परत मिळाले नाहीत. टेलिफोनिका आणि फिनलंडची सोनेरा यांच्या क्वाम कंपनीने २००२ मध्येच गाशा गुंडाळला. फ्रान्स टेलिकॉमचे कर्ज सत्तर अब्ज युरोच्या घरात गेले. आणि परवाने चालू होऊनही थ्रीजीला खरा ग्राहक लगेच मिळाला नाही. फोन जाड, बॅटरी दिवसभर पुरत नसे, वेग ३८४ किलोबिटचा, तोही कागदावर. एचएसपीए (थ्रीजीचीच वेगवान आवृत्ती) आणि चांगले स्मार्टफोन यायला २००७-०८ उजाडले. वीस वर्षांच्या परवान्यातली पहिली सात-आठ वर्षे व्याज भरण्यात गेली. मानकाची निवड बरोबरच होती, पण ज्या किमतीला आणि ज्या वर्षी ती केली त्यात भागधारकांच्या वाट्याला काही उरले नाही.

मग ज्याला दोन्ही बाजूंकडून पैसे मिळत होते त्याचे शेअर घेतले असते तर? तसा एक जण होता. सीडीएमएच्या मूळ तत्त्वावरची पेटंटे क्वालकॉमकडे होती, आणि डब्ल्यूसीडीएमएही त्या तत्त्वाशिवाय चालत नव्हते. एरिक्सनशी तिचा मोठा पेटंटवाद चालला होता. मार्च १९९९ मध्ये तो मिटला, एरिक्सनने क्वालकॉमचा बेस स्टेशनचा धंदाच विकत घेतला आणि एकमेकांना पेटंटे वापरू देण्याचे ठरले. त्याच वर्षाअखेरीस क्वालकॉमने फोन बनवण्याचा धंदाही क्योसेराला देण्याचे जाहीर केले. उरले काय, तर चिप आणि रॉयल्टी. कोणतेही मानक जिंको, पैसे इथे येणारच होते. हे बाजारालाही समजले, आणि त्या एका वर्षात शेअर सुमारे २,६०० टक्के वाढला.

२०००च्या जानेवारीत ज्यांनी तो शेअर घेतला त्यांचा तर्क शंभर टक्के खरा निघाला. कंपनीचा २०००चा महसूल ३.२ अब्ज डॉलर होता, २०१४चा २६.५ अब्ज. व्यवसाय आठपट झाला. शेअर मात्र आधी ८० टक्क्यांहून अधिक कोसळला आणि २०००चा उच्चांक ओलांडायला २०२० साल उजाडले. नाशिकच्या या वाचकाच्या वयाचा कुणी तेव्हा त्यात शिरला असता तर तो पन्नाशीला टेकल्यावर मुद्दलाच्या भावाला पोहोचला असता. मधला लाभांश तेवढा हाती आला असता.

आता दुसरी बाजू, हरलेल्या मानकाची. जपानमध्ये डोकोमोने १ ऑक्टोबर २००१ रोजी ‘फोमा’ या नावाने जगातली पहिली डब्ल्यूसीडीएमए व्यावसायिक सेवा सुरू केली. प्रतिस्पर्धी केडीडीआयने सहा महिन्यांनी सीडीएमए२०००ची वाट धरली. केडीडीआयचे नवे फोन जुन्या नेटवर्कवरही चालत, त्यामुळे शहराबाहेर गेल्यावर सिग्नल जात नसे. फोमाचे नवे जाळे मात्र सुरुवातीला विरळ होते. पहिली दोन वर्षे थ्रीजीच्या ग्राहकसंख्येत केडीडीआयने डोकोमोला कितीतरी मागे टाकले. अमेरिकेत व्हेरायझनने सीडीएमए२०००च्याच ईव्ही-डीओ या डेटासाठीच्या प्रकारावर देशभर वेगवान डेटा दिला, त्यातून नफा मिळवला, आणि ते सीडीएमए नेटवर्क बंद केले थेट २०२२च्या डिसेंबरअखेर. हरलेल्या मानकावर वीस वर्षे धंदा चालला.

मग तेच मानक भारतात का बुडाले? हा प्रश्न मी स्वतःला अनेक वर्षे विचारत आलो. आपल्याकडेही सीडीएमएच्या नेटवर्कवर काम करणारे इंजिनिअर काही कमी नव्हते, आणि आवाजाची गुणवत्ता व एका टॉवरचा पल्ला दोन्ही बाबतींत ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले सीडीएमए आमच्या जीएसएमला भारी पडत असे. सांगली-कोल्हापूरकडच्या सपाट भागात एका साइटवर किती गावे निघतात ते पाहून मी चकित झालो होतो.

उत्तर मला मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये मिळाले, ऑफिसमध्ये नाही. अमेरिका, जपान, कोरिया इथे फोन कंपनी विकते, त्याची किंमत करारात मुरवते, आणि ग्राहक त्या फोनसकट कंपनीला बांधलेला असतो. त्यामुळे कोणत्या मानकाचे फोन बाजारात किती हे ग्राहकाला कळतही नाही. भारतात फोन ग्राहक स्वतः विकत घेतो. तो वडिलांचा जुना नोकिया वापरतो, दुकानातून सेकंडहँड घेतो, सिम काढून दुसरे घालतो, दुबईहून आलेल्या मामाने आणलेला फोन मिरवतो. हे सगळे जीएसएममध्ये चालते. सीडीएमएच्या फोनमध्ये सुरुवातीला सिमच नव्हते. फोन कंपनीच्याच नोंदीत बांधलेला. कंपनी सोडली की फोन निकामी. जगभर जीएसएमचे ग्राहक कितीतरी जास्त, म्हणून त्याचे फोन जास्त आणि स्वस्त, म्हणून ग्राहक आणखी जास्त. मनीष मार्केटच्या काउंटरवर जीएसएमचे शेकडो प्रकार मांडलेले असत आणि सीडीएमएचे मूठभर, तेही एका कोपऱ्यात. माझ्या मते निकाल तिथे लागला. नेटवर्कची तांत्रिक तुलना करणाऱ्या अहवालांत ही गोष्ट क्वचितच असे.

रिलायन्स इन्फोकॉमने २००२च्या डिसेंबरअखेर सीडीएमए सेवा आणली आणि पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत फोन हातात दिला, तेव्हा तिने नेमका हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला होता: फोन कंपनीनेच द्यायचा. ग्राहक लाखोंनी आले. पण हप्त्यावर दिलेल्या फोनचे पैसे वसूल करणे म्हणजे कंपनीने सावकारी करणे, आणि कॉलचा दर पैशांत मोजला जाणाऱ्या देशात ती पेलत नाही. २००७च्या ऑक्टोबरात सरकारने एकाच परवान्यावर दोन्ही तंत्रज्ञाने वापरायला मुभा दिली आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सने (हीच कंपनी, नव्या नावाने) १,६५१ कोटी रुपये भरून जीएसएमची परवानगी घेतली. त्या दिवशी ज्याच्याकडे सीडीएमए कंपन्यांचे शेअर होते त्याने थांबून विचार करायला हवा होता, कारण सीडीएमएचे सर्वात मोठे घराणेच आता दुसरे जाळे उभारणार होते. एका कंपनीला दोन नेटवर्कांचा खर्च, आणि उत्पन्न त्याच ग्राहकांकडून. बाजाराने मात्र ही बातमी आनंदाची मानली. २००८च्या जानेवारीत शेअर आठशेच्या वर होता; २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकांना जवळचे उदाहरण टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र) कंपनीचे. पूर्वीची ह्यूजेस टेली डॉट कॉम. मुंबई आणि महाराष्ट्र-गोवा अशा दोन सर्कलमध्ये (दूरसंचार सेवेसाठी पाडलेल्या विभागांत) तिचा व्यवसाय होता आणि शेअर नोंदणीकृत असल्यामुळे आपल्याकडच्या कित्येक घरांत तो असे. तीही सीडीएमएवाली, तिनेही पुढे जीएसएम आणले. डोकोमो भारतात आली ती याच टप्प्यावर: २००८ मध्ये तिने मूळ टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये २६ टक्के हिस्सा घ्यायचे ठरवले. हीच डोकोमो आधी एटी अँड टी वायरलेसमध्ये ९.८ अब्ज डॉलर घालून पोळली होती. या वेळी तिने करारात अट घातली की ठरलेली कामगिरी झाली नाही तर गुंतवणुकीची किमान अर्धी किंमत परत मिळावी. कामगिरी झाली नाही, वाद लंडनच्या लवादाकडे गेला, आणि २०१६ मध्ये डोकोमोला १.१७ अब्ज डॉलरचा निवाडा मिळाला. तुमच्या-माझ्या डीमॅट खात्यातल्या शेअरला अशी अट नसते. मोठ्या परदेशी कंपनीने पैसे घातले म्हणून आपणही घालावेत असे कुणी म्हटले की मला ही अट आठवते. पुढे टाटांचा ग्राहक-मोबाइल व्यवसाय एअरटेलकडे गेला. विलीनीकरण १ जुलै २०१९ला पूर्ण झाले.

आणि मग २०१०चा आपला लिलाव. एप्रिलच्या ९ तारखेपासून ३४ दिवस, १८३ फेऱ्या. तोवर मानकाचा वाद जवळपास संपला होता, २.१ गिगाहर्ट्झचा पट्टा, सगळे डब्ल्यूसीडीएमए. तरीही गुंतवणूकदार हरायचे थांबले नाहीत, म्हणून या लिलावाकडे नीट पाहा. देशभराच्या एका पट्ट्याची किंमत १६,७५०.५८ कोटी रुपये झाली. खासगी कंपन्यांनी मिळून ५०,९६८ कोटी मोजले आणि रक्कम लगेच भरायची होती. एकाही खासगी कंपनीला देशातली सर्व बावीस सर्कल मिळाली नाहीत. एअरटेलने १२,२९५ कोटी देऊन तेरा सर्कल घेतली, त्यांत मुंबई होती पण उरलेला महाराष्ट्र नव्हता. तो व्होडाफोन, आयडिया आणि टाटांकडे गेला. म्हणजे एअरटेलचा ग्राहक मुंबईत थ्रीजीवर, आणि सर्कलची हद्द ओलांडली की टूजीवर. यावर तोडगा म्हणून एअरटेल, व्होडाफोन, आयडिया यांनी एकमेकांचे थ्रीजी वापरायचे करार केले. दूरसंचार खात्याने ते २०११च्या अखेरीस बंद करायला सांगितले, आणि टीडीसॅटने (दूरसंचार तंटा न्यायाधिकरणाने) कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला तो २०१४च्या एप्रिलमध्ये. तोवर फोरजीची तयारी सुरू झाली होती.

आमच्या बाजूने आणखी एक दुखणे होते. युरोपात एका कंपनीकडे दोन-तीन कॅरिअर असत. इथे प्रत्येकाच्या वाट्याला ५ मेगाहर्ट्झचा एकच. दादरच्या किंवा ठाण्याच्या स्टेशनावर संध्याकाळी सहा वाजता त्या एका कॅरिअरवर काय होत असे ते ज्यांनी मोजले त्यांनाच ठाऊक. आम्ही साइट वाढवत राहिलो, अँटेना खाली झुकवत राहिलो. एवढ्या किमतीचा माल इतका अपुरा होता, ही गोष्ट तिमाही निकालांच्या सादरीकरणात कधी दिसली नाही.

एमटीएनएलची कथा मला जास्त लागते, कारण मुंबईत आमच्या पिढीच्या घराघरांत तिचा फोन होता. सरकारी कंपनी म्हणून तिला थ्रीजी स्पेक्ट्रम आधी मिळाले. दिल्लीत २००८च्या डिसेंबरात सेवा सुरू झाली, मुंबईत पुढच्या वर्षी. अट एवढीच की लिलावात जी किंमत ठरेल ती भरायची. दिल्लीचे ३,३१६.९३ कोटी आणि मुंबईचे ३,२४७.०७ कोटी, एकूण ६,५६४ कोटी. लिलावात हात न उचलता, दुसऱ्यांनी चढवलेली किंमत तिला द्यावी लागली, तीही कर्ज काढून. व्याज दहा टक्के धरले तरी वर्षाला साडेसहाशे कोटींचा बोजा फक्त यासाठी. सर्वांत आधी थ्रीजी आणलेली, योग्य मानक असलेली, देशातली सर्वोत्तम दोन शहरे हाती असलेली कंपनी. २०२४ मध्ये तिने बँकांची देणी थकल्याचे शेअरबाजारांना कळवले.

‘मग टॉवरवाल्यांचे शेअर घ्यावेत, त्यांना मानकाशी काय देणेघेणे,’ असा सल्ला तेव्हा दिला जाई आणि आजही दिला जातो. टॉवरच्या लोखंडाला मानक नसते हे खरे. पण भाडेकरू असतो. नवी मुंबईच्या जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चरने २०१०च्या जानेवारीत एअरसेलचे १७,५०० टॉवर ८,४०० कोटींना घ्यायचे ठरवले. दुसऱ्याच वर्षी तिला कर्जाची पुनर्रचना करून घ्यावी लागली, आणि तो मोठा भाडेकरू एअरसेल २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला.

परदेशातली दोन उदाहरणे थोडक्यात. चीनने ७ जानेवारी २००९ला परवाने वाटताना सर्वांत अवघड मानक, घरचे टीडी-एससीडीएमए, सर्वांत बलाढ्य चायना मोबाइलच्या गळ्यात घातले. तिला आयफोन मिळाला तो थेट २०१४ मध्ये, टीडी-एलटीई आल्यावर. ती टिकली, कारण टूजीचे अफाट उत्पन्न हाती होते. आणि सामग्री बनवणारी नॉर्टेल, जी २००० साली एकटीच टोरांटोच्या निर्देशांकाचा तिसऱ्या भागाहून अधिक होती, २००९च्या जानेवारीत दिवाळखोर झाली. तिचा सीडीएमएचा धंदा १.१३ अब्ज डॉलरला एरिक्सनने घेतला, पण २०११ मध्ये तिची नुसती पेटंटे ४.५ अब्ज डॉलरला गेली. चालू धंद्यापेक्षा कागद महाग ठरले. अर्थात ते पैसे कर्ज देणाऱ्यांना गेले, भागधारकांना नाही.

या सगळ्यांत टिकले काय, हे पाहिले तर मला एकच भक्कम उत्तर दिसते: स्वस्तात मिळालेले स्पेक्ट्रम, जे मानक बदलले तरी वापरता येते. २०१०च्या ब्रॉडबँड लिलावात इन्फोटेलने १२,८४८ कोटींत देशभराचा पट्टा घेतला, आणि त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने ४,८०० कोटींत तिचा ९५ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा चर्चा वायमॅक्स या एलटीईच्या प्रतिस्पर्धी तंत्रज्ञानाची होती. रिलायन्सने थांबून एलटीईची वाट पाहिली, २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू केली, आणि सोबत जे ८०० मेगाहर्ट्झ वापरले त्यातला मोठा भाग जुन्या सीडीएमएचाच पट्टा होता. सीडीएमए संपले, ज्या लहरींवर ते चालत होते त्या आज घराच्या आतल्या खोलीत फोरजी पोहोचवतात. एअरटेलनेही २०१९-२०मध्ये थ्रीजी बंद करून तोच २.१ गिगाहर्ट्झचा पट्टा फोरजीला लावला.

आता तुमचा एसए-एनएसएचा प्रश्न. ही थ्रीजीसारखी झुंज नाही. दोन्ही पद्धती थ्रीजीपीपी या जागतिक मानक संस्थेच्या एकाच मानकातल्या आहेत. एनएसएमध्ये फायव्हजीचा रेडिओ फोरजीच्या कोअरला, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती यंत्रणेला, टेकून चालतो, एसएमध्ये कोअरही फायव्हजीचा. सुरुवातीला काही फोनना सॉफ्टवेअर अपडेट लागले, पण ग्राहकाला फोन बदलावा लागला नाही, आणि एनएसएवाला पुढे एसएवर जाऊ शकतो. मनीष मार्केटच्या काउंटरवर ज्याला दोन वेगळे कप्पे लागत नाहीत, त्या वादावर शेअर घेऊ नका. आपल्याकडच्या फायव्हजीआय मानकाचेही असेच झाले: २०२१ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि नंतर ते मुख्य मानकातच सामावले गेले, कारण वेगळ्या फोनचा खर्च कुणालाच परवडत नव्हता.

तुमच्या दोन लाखांना खरा धोका दुसरीकडे आहे. २०१० मध्ये स्पेक्ट्रमचे पैसे लगेच भरायचे होते, म्हणून कर्ज बँकांचे दिसे. २०२२च्या लिलावात १,५०,१७३ कोटींची विक्री झाली आणि सरकारने वीस वार्षिक हप्त्यांची सोय दिली. हे कर्ज आता सरकारला फेडायचे आहे, आणि ते फेडता आले नाही तर काय होते ते व्होडाफोन आयडियाच्या भागधारकांनी पाहिले आहे: २०२३ आणि २०२५ अशा दोन खेपांत देण्यांचे शेअर झाले, सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला, आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा पातळ झाला.

तेव्हा ज्या कंपनीचा विचार करत असाल तिचा वार्षिक अहवाल उघडा. टिपांमध्ये स्पेक्ट्रमच्या स्थगित देण्यांचा आकडा असतो. तो लिहून घ्या आणि त्यापुढे त्या वर्षी व्यवसायातून आलेली रोख रक्कम लिहा. मग रोखीतून भांडवली खर्च आणि व्याज वजा करा. जे उरेल त्याने ती देणी किती वर्षांत फिटतील ते पाहा, आणि परवान्याची उरलेली वर्षे त्याशेजारी मांडा. हे तीन आकडे काढून पाठवा. मी माझ्या वहीत २००७ सालच्या माझ्या कंपनीचे हेच आकडे नंतर काढून ठेवले आहेत. शेजारी ठेवून पाहू.